सोसायटी ग्रुप: डीव्हीडीची व्हीसीडी करताना आवाज मागे पडतो, माणसं लांबुळकी दिसतात

देशमुख काकू, ए-४०१
डीव्हीडीवरून जुन्या व्हीसीडी (साध्या सीडीवरचा व्हिडिओ) प्लेअरसाठी डिस्क करायची आहे. डीव्हीडी घरगुती रेकॉर्डिंगची, कॉपी-कुलूप नसलेली, १ तास १९ मिनिटांची. सॉफ्टवेअर आधी एव्हीआय ही मधली व्हिडिओ फाइल करतं आणि मग व्हीसीडीला लागणारी एमपेग फाइल. अडचणी चार:
१) आवाज सुरुवातीला बरोबर असतो, पुढे मागे पडत जातो.
२) माणसं उंच आणि बारीक दिसतात.
३) तयार फाइल ७८८ एमबीची, सीडी ७०० एमबीची.
४) एक छोटा तुकडा लिहून पाहिला, तर प्लेअर तो ओळखतच नाही. संगणकावर मात्र दिसतो.

निखिल, सी-१०४
काकू, कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा संच) टाका. सगळं ठीक होईल.

जोशी काका, बी-३०२
अरे निखिल, थांब. कोडेक नसता तर चित्रच उमटलं नसतं. इथे चित्रही आहे आणि आवाजही. कोडेक पॅकने उलट गोंधळ वाढतो: एकाच कामाला दोन डिकोडर बसतात आणि सॉफ्टवेअर कुठला उचलतं तेच कळत नाही.
काकू, आधी आवाजाचं बघू. २०व्या मिनिटाला आवाज किती मागे आहे आणि ५०व्या मिनिटाला किती, हे मोजता येईल का? टाळी, दार आपटणं, असं काही तरी नेमकं बघून मोजा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल लावा. 'के' दाबलं की आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे जातो, 'जे' दाबलं की तेवढाच पुढे येतो. टाळी जुळेपर्यंत किती वेळा दाबावं लागलं ते मोजायचं, गुणिले ५०.

सलमा ताई, डी-२०३
तोवर चौथ्याचं मी सांगते. काकू, लिहिलेली सीडी संगणकात उघडा. आत कोणते फोल्डर दिसतात?

देशमुख काकू, ए-४०१
फोल्डर नाही. नुसती एक एमपीजी फाइल आहे.

सलमा ताई, डी-२०३
मग ती व्हीसीडी झालीच नाही, डेटा सीडी झाली. खऱ्या व्हीसीडीवर 'एमपेगएव्ही' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'एव्हीसेक०१ डॉट डॅट' ही फाइल. शेजारी 'व्हीसीडी' फोल्डर, त्यात 'इन्फो' आणि 'एन्ट्रीज'. प्लेअर पहिल्यांदा 'इन्फो' वाचतो. तीच नाही म्हटल्यावर तो डिस्क नाकारतो.
हे फोल्डर हाताने बनवून फाइल आत टाकली तरी उपयोग नाही, कारण फरक सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या कप्प्यांमध्ये आहे. लिहिताना 'डेटा डिस्क' न निवडता 'व्हिडिओ सीडी' प्रकल्प निवडा. तो पर्याय नसेल तर व्हीसीडी-इमेजर हा प्रोग्रॅम वापरा. तो एमपीजीपासून बिन (डिस्कची पूर्ण प्रतिमा) आणि क्यू (त्या प्रतिमेची मांडणी सांगणारी) अशा दोन फाइली करतो. मग 'डिस्क इमेज लिहा' म्हणून क्यू फाइल निवडायची. बिन फाइल डेटा म्हणून सीडीवर टाकली तर पुन्हा तीच गत.

निखिल, सी-१०४
पण ताई, ७८८ एमबी ७०० च्या सीडीवर कसं मावणार? बिटरेट (सेकंदाला खर्च होणारा डेटा) कमी करून ९०० ठेवूया ना.

सलमा ताई, डी-२०३
अजिबात नको. व्हीसीडीचा व्हिडिओ बिटरेट ११५० केबीपीएस ठरलेला आहे. त्यात बदल केला की जुने प्लेअर अडखळतात.
मावतं कसं ते सांगते. ७०० एमबीच्या, म्हणजे ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर असतात. डेटा लिहिताना प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट वापरायला मिळतात, उरलेली जागा चूक-दुरुस्तीला जाते. व्हीसीडीत त्या दुरुस्तीचा मोठा भाग सोडून देतात, म्हणून सेक्टरला २३२४ बाइट मिळतात. चित्रात एखादा बाइट चुकला तर क्षणभर ठिपका दिसेल, हिशेबाच्या फाइलीत चुकून कसं चालेल! म्हणून ७०० एमबीच्याच सीडीवर व्हीसीडीचे सुमारे ७९७ एमबी बसतात.
एमबी मोजूच नका, मिनिटं मोजा. व्हीसीडी मिनिटाला जवळजवळ १० एमबी खाते आणि ८० मिनिटांच्या सीडीवर जवळजवळ ८० मिनिटं मावतात. तुमची ७९ मिनिटं बसतील, पण अगदी काठाला. सुरुवातीचा-शेवटचा रिकामा भाग कापून ७८ वर आणा. डिस्कची बाहेरची कड जुन्या प्लेअरांना जड जाते.
'जागा अपुरी' हा इशारा डेटा प्रकल्पातच येतो. व्हिडिओ सीडी प्रकल्प निवडला की नाहीसा होईल.

देशमुख काकू, ए-४०१
मोजलं. २०व्या मिनिटाला २४ वेळा दाबावं लागलं, म्हणजे १.२ सेकंद. ५०व्या मिनिटाला साधारण ३ सेकंद.

जोशी काका, बी-३०२
उत्तम मोजलंत. म्हणजे तासाला ३.६ सेकंद. हा आकडा पाहिला की दोष ओळखू येतो.
आवाज सरकण्याचे दोन प्रकार. पहिला ठरावीक फरक: सुरुवातीला अर्धा सेकंद तर शेवटीही अर्धाच. डीव्हीडीतून आवाज आणि चित्र वेगळे काढताना आवाजाचा मूळ विलंब हरवला की असं होतं. तेवढा विलंब जोडणीच्या वेळी भरून दिला की संपलं.
दुसरा वाढत जाणारा फरक, म्हणजे कुठे तरी वेग चुकला. तासाला किती वाढतो ते बघा:
– ३.६ सेकंद: सेकंदाला २९.९७ ऐवजी ३० फ्रेम (चित्रं) धरल्या
– सुमारे २ मिनिटं २७ सेकंद: २३.९७६ ची चित्रं २५ ने पळवली
– सुमारे ५ मिनिटं १८ सेकंद, आणि आवाज जाडा व संथ: ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या) आवाजावर ४४.१ ची नुसती चिठ्ठी लावली, रूपांतर केलंच नाही. डीव्हीडीचा आवाज ४८ चा असतो आणि व्हीसीडीला ४४.१ लागतो, त्यामुळे ही चूक नेहमीची.
काकू, तुमची पहिली. डिस्क एनटीएससी (सेकंदाला २९.९७ फ्रेमची टीव्ही पद्धत) आहे आणि एव्हीआयच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट '३०' असणार. बघा बरं.

देशमुख काकू, ए-४०१
हो काका, ३० आहे! यादीत २९.९७ सुद्धा आहे.

जोशी काका, बी-३०२
तेच करा. खरं तर एव्हीआयचा टप्पाच काढून टाका. एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबायचं, वर मधल्या फाइलीत वेळेच्या खुणा पुसल्या जातात. डीव्हीडीतून थेट व्हीसीडीच्या एमपेगला या.

निखिल, सी-१०४
हॅन्डब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने जमेल?

जोशी काका, बी-३०२
नाही रे बाळा. तो एमपी४, एमकेव्ही आणि वेबएम एवढंच देतो. व्हीसीडीला एमपेग-१ लागतं. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये 'टार्गेट' हा पर्याय आहे. एनटीएससी डिस्कला तिथे 'एनटीएससी-व्हीसीडी' आणि पाल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) डिस्कला 'पाल-व्हीसीडी' द्यायचं. आकार, बिटरेट, आवाज ४४.१ आणि २२४ केबीपीएस, पॅकेटची जुळणी, सगळं एका शब्दात बसतं. मूळ डिस्क ज्या पद्धतीची, त्याच पद्धतीत ठेवा. पालचं एनटीएससी करायला गेलात की आवाज-चित्राच्या नव्या भानगडी सुरू होतात.

सलमा ताई, डी-२०३
काका, लांबुळक्या माणसांचं राहिलं.

जोशी काका, बी-३०२
सांगतो. डीव्हीडीतलं रुंद चित्र, म्हणजे १६:९, आडवं दाबून साठवलेलं असतं. 'दाखवताना रुंद कर' अशी खूण शेजारी असते आणि डीव्हीडी प्लेअर ती पाळतो. व्हीसीडीत ही खूण नाही, तिला फक्त ४:३ माहीत. म्हणून दाबलेलं चित्र तसंच पडद्यावर येतं आणि सगळे उंच-बारीक दिसतात.
इलाज म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या. एनटीएससी व्हीसीडीची चौकट ३५२ × २४०. चित्र ३५२ × १८० करा, वर ३० आणि खाली ३० ओळी काळ्या. पालला चौकट ३५२ × २८८, चित्र ३५२ × २१६, वर-खाली ३६-३६.
क्रम महत्त्वाचा. आधी चित्र लहान करायचं, मग पट्ट्या लावायच्या. उलट केलंत तर पट्ट्याही दाबल्या जातात आणि मापं बिघडतात.
थोडं खोलात जायचं तर: एमपेग चित्राचे १६ × १६ चे चौकोन करतं. पट्टीची कड चौकोनाच्या मधोमध आली की तिथे लुकलुकणारे ठिपके दिसतात आणि बिट वाया जातात. म्हणून मी १८० ऐवजी १७६ उंची आणि ३२-३२ च्या पट्ट्या घेईन. पालला २२४ आणि ३२-३२. चित्र २ ते ४ टक्क्यांनी बदलतं, डोळ्याला कळत नाही. कड मात्र स्वच्छ येते.

निखिल, सी-१०४
मस्त. मग एसव्हीसीडीच (व्हीसीडीची सुधारित, एमपेग-२ वापरणारी आवृत्ती) का नाही करत? चित्र दुप्पट छान.

सलमा ताई, डी-२०३
प्लेअरवर तसं छापलेलं असेल तरच. नुसता व्हीसीडी प्लेअर एमपेग-२ वाचत नाही. शिवाय पूर्ण बिटरेटला एका सीडीवर ४० मिनिटांच्या आसपासच मावतं. काकूंना दोन डिस्क लागतील.

सेक्रेटरी साहेब
कृपया हा विषय संपेपर्यंत पार्किंगच्या तक्रारी मध्ये टाकू नयेत. आत्ताच तीन पुढे ढकलल्या आहेत.

पवार दादा, सी-३०१
साहेब, माझी तक्रार नाही, याच विषयातली शंका आहे. सेट-टॉप रेकॉर्डरवर भरलेली डीव्हीडी संगणकाला कोरीच दिसते. सॉफ्टवेअर म्हणतं, 'व्हिडिओ सापडला नाही'.

सलमा ताई, डी-२०३
दादा, दोन शक्यता. एक, डिस्क 'फायनलाइज' केलेली नाही, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नाही. ती सहसा ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्याच मेनूतून करावी लागते. दुसरी, डिस्क व्हीआर (रेकॉर्डरची वेगळी साठवण) पद्धतीने भरली आहे. तशा डिस्कमध्ये 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर नसतो. त्याऐवजी 'डीव्हीडी_आरटीएव्ही' असतो, आत व्हीआरओ फाइल. पुष्कळ सॉफ्टवेअर पहिलाच फोल्डर शोधतात आणि हात वर करतात. व्हीआरओ फाइल हार्ड डिस्कवर घ्या आणि तीच थेट एफएफएमपेगला द्या, आत साधं एमपेग-२ च असतं. मात्र रेकॉर्डरवर मधले भाग पुसले असतील तर तुकड्यांचा क्रम उलटसुलट निघू शकतो. तेवढं बघून घ्या.

पवार दादा, सी-३०१
फायनलाइज राहिलं होतं. करतो. आणि नेहमीच्या डीव्हीडीत व्हीओबी (चित्र-आवाज असलेल्या) फाइली बऱ्याच असतात, कुठली द्यायची?

जोशी काका, बी-३०२
एका व्हीओबीला १ जीबीची मर्यादा आहे, म्हणून लांब कार्यक्रम तुकड्यांत असतो. नावाच्या शेवटी ० असलेली फाइल मेनूची, ती घ्यायची नाही. ती चुकून पुढे जोडली तर रूपांतर मेनूपाशीच संपतं किंवा लांबी भलतीच दिसते. १ पासून पुढच्या फाइली क्रमाने जोडा. जोडलेली फाइल ४ जीबीच्या वर जाणार असेल तर फॅट३२ च्या (फाइलला ४ जीबीची मर्यादा असलेल्या) ड्राइव्हवर ठेवू नका, बरोबर तिथेच तुटते. लोक सॉफ्टवेअरला दोष देत बसतात!
सॉफ्टवेअर आयएफओ फाइल वाचत असेल तर तीच द्या. कुठला तुकडा कुठल्या क्रमाने, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

देशमुख काकू, ए-४०१
दोन मिनिटांचा तुकडा केला. पट्ट्या नीट, आवाज जुळतोय. पण गाणं मोठ्याने आणि बोलणं अगदी बारीक ऐकू येतंय.

जोशी काका, बी-३०२
मूळ आवाज ५.१ चा, म्हणजे सहा चॅनेलचा असणार. त्यात बोलणं मधल्या चॅनेलवर असतं. सॉफ्टवेअरने नुसते डावा-उजवा उचलले तर बोलणं मागे राहतं. 'स्टीरिओला मिसळा' किंवा 'डाउनमिक्स' निवडा. डिस्कवर दुसरा, मुळातच स्टीरिओ ट्रॅक असेल तर तो घेतलेला बरा.

निखिल, सी-१०४
आणि चित्र हललं की कंगव्यासारख्या रेघा आल्या तर? माझ्या एका फाइलीत येतात.

जोशी काका, बी-३०२
हा प्रश्न चांगला विचारलास. ते इंटरलेस्ड चित्र. एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. व्हीसीडीत इंटरलेस चालत नाही, म्हणून लहान करण्याच्या आधी डीइंटरलेस करायचं, म्हणजे त्या ओळी वेगळ्या करून अखंड चित्र बनवायचं. नंतर केलंस तर ओळी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात, वेगळ्या काढता येत नाहीत. चित्रपटासारखं मूळ चित्र अखंड असेल तर मात्र हे लावू नकोस, उगाच धूसर होतं.

सलमा ताई, डी-२०३
काकू, लिहिताना एवढं बघा. सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू नको. पुन्हा लिहिता येणारी डिस्क लेझरचा प्रकाश फार कमी परतवते आणि जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही. वेग ८ ते १६ एक्स. 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा, मल्टिसेशन (नंतर भर घालण्याची सोय) बंद ठेवा.
बर्निंग सॉफ्टवेअरने 'फाइल प्रमाणित नाही, पुन्हा एन्कोड करू का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा आणि काय खटकलं ते बघा. बहुतेक वेळा आवाज ४८ वर राहिलेला असतो. 'हो' म्हटलंत तर तासभर यंत्र चालेल आणि चित्र आणखी खराब होईल.

देशमुख काकू, ए-४०१
आवाजाचं मिश्रण बदललं, बोलणं स्पष्ट आलं. पूर्ण फाइल ७७ मिनिटं ४० सेकंद. क्यू फाइल करून १६ एक्सला लिहायला लावली आहे.

देशमुख काकू, ए-४०१
प्लेअरने घेतली. ५०व्या मिनिटाला टाळी बरोबर हातावर 👍

सेक्रेटरी साहेब
अभिनंदन काकू. आता पार्किंग.