स्प्लेंडरच्या टाकीवर काय लावू? बाबा म्हणतात जुने पट्टे, पोरगी म्हणते वाघ (नागपूर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न वाचून हसाल, पण घरात तीन दिवसांपासून ताटावर हाच विषय सुरू आहे, म्हणून इथे आलो.

आमच्याकडे २००९ ची काळी स्प्लेंडर प्लस आहे. बाबांनी घेतली. प्रतापनगरहून हिंगणा एमआयडीसीत ते तिच्यावरच कामाला जायचे. ते निवृत्त झाल्यावर ती माझ्याकडे आली, मग घरात स्कूटर आली आणि ही जिन्याखाली गेली. २०२४ ला १५ वर्षं भरली तेव्हा विकायचं ठरत होतं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेवटी आरटीओत नेऊन ५ वर्षांसाठी पासिंग करून आणली, नवी नंबर प्लेटही बसवली. आता मुलगी कॉलेजात गेली, लायसन्स निघालं आणि तिला स्कूटर नको, हीच हवी.

टाकीवर बाबांनी पहिल्या दिवसापासून रेक्झिनचं कव्हर घातलेलं होतं, रंग सांभाळायला. ते काढलं तर जिथे जिथे कव्हरची शिवण घासत होती तिथे रंग पार पत्र्यापर्यंत गेलेला, आणि खाली पावसाचं पाणी मुरून गंज. १५ वर्षं जपलेली टाकी अशी निघाली. पेंटरने मागच्या आठवड्यात डेंट काढून, प्रायमर मारून, काळा रंग आणि वरून क्लिअर (चमकीचा पारदर्शक थर) मारून दिला. टाकी आरशासारखी झाली, पण अगदी मोकळी.

बाबांना जसे होते तसे लाल-चंदेरी पट्टे हवेत. दुकानात तयार सेट मिळाला २५० रुपयांना, पण त्यावर नुसतं ‘हिरो’. २०१० च्या डिसेंबरात हिरो आणि होंडा या दोन्ही कंपन्यांनी काडीमोड घेतला ना. बाबा म्हणाले, “माझी गाडी हिरो होंडा आहे. अर्धं नाव कसं लावू?” पूर्ण नावाचा डुप्लिकेट सेट दुसरीकडे पाहिला. त्यातल्या ‘होंडा’ची अक्षरं दिवाळीत फराळ जास्त झाल्यासारखी दिसत होती.

मुलीला टाकीच्या दोन्ही बाजूंनी वाघाचा चेहरा हवा आहे, फोटोवरून प्रिंट काढून. मध्येच तिने पूर्ण गाडीला मॅट मिलिटरी हिरवा रॅप करायचंही (रंगीत फिल्मने गुंडाळायचंही) काढलं होतं. पेंटर म्हणतो, सोडा स्टिकर, मी ब्रशने लाइन ओढून देतो.

मला स्टिकरची धास्ती आहे. स्कूटरला दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी कार्बन फायबरसारखं दिसणारं काळं स्टिकर लावून घेतलं होतं. एक मे महिना काढला आणि ते आकसलं. चारही कडांना गोंदाची चिकट पट्टी उघडी पडली आणि तिच्यावर सगळ्या रिंग रोडची धूळ. ओढायला गेलो तर तुकडे-तुकडे निघाले. गोंद पेट्रोलने घासला, तर खालच्या रंगाची चमकही गेली.

तर काय लावू, कशाचं लावू? रंगावर नवा खर्च झालाय, पुन्हा तो खराब करायचा नाही. पोलीस-आरटीओची काही भानगड असेल तर तीही सांगा.

पेठकर
टाकी आरशासारखी झाली आहे तर तशीच ठेवा की. काळ्या रंगाइतकं देखणं दुसरं काही नाही. प्रश्न मिटला, २५० रुपये वाचले.

धागाकर्ता
पुण्यात चालत असेल. इथे मोकळी टाकी पाहून शेजारच्या काकांनी विचारलं, “फायनान्सवाल्यांनी नेली होती का रे?”

प्लॉटरवाला
दादा, १४ वर्षं झाली रेडियमच्या, म्हणजे गाड्यांच्या स्टिकरच्या धंद्यात. सदरला बसतो. दुकानाचं नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल.

पहिले तर सध्या काहीच चिकटवू नका. मागच्या आठवड्यातला रंग हाताला वाळल्यासारखा लागते, पण आतून अजून वाफ सोडून राहिला आहे. वर विनायल, म्हणजे स्टिकरची प्लास्टिक फिल्म टाकली की ती वाफ अडकते अन् बारीक बारीक फोड येतात. मग गिऱ्हाईक म्हणते स्टिकर खराब. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असते, त्याला हा त्रास नाही. गॅरेजच्या रंगाला ३-४ आठवडे द्या.

आता स्कूटरचं. विनायल दोन जातीचं येते. एक रोलरखाली लाटून केलेलं, त्याला कॅलेंडर्ड म्हणतात. दुसरं पातळ ओतून वाळवलेलं, ते कास्ट. तुम्ही पोळी लाटता तेव्हा कणीक ताणलेली असते, सोडली की ती मागे येते, बरोबर? लाटलेल्या विनायलचंही तेच. ऊन लागलं की ते आपल्या मूळ मापाकडे परत जाते, अन् कडेला गोंद उघडा पडते. कास्ट म्हणजे धिरडं. ओतलं तसं बसलं, त्याला मागे जायला ताणच नाही. ते पातळही असते, साधारण ५० मायक्रॉन. लाटलेलं ७० ते १०० च्या घरात. पातळ असल्यानं टाकीच्या गोलाईवर बसते. तुमच्या स्कूटरवर लाटलेलं मारलं होतं, पैजेवर सांगतो. नागपूरचा मे, ४५ डिग्री हवेत, काळ्या पत्र्यावर हात ठेवून दाखवा कोणी.

दुकानदार म्हणते “थ्रीएम ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या.” झाकू नका. एकच कंपनी दोन्ही जाती बनवते. मागच्या कागदावर नाव-नंबर छापलेला असते, तो वाचा. ओराकलचं ६५१ लाटलेलं आहे, ९५१ कास्ट आहे. भावात फरक पडते, पण पट्ट्यांना माल लागते किती? दोन वीत. तेवढ्यासाठी कंजुषी नका करू.

वाघाबद्दल. फोटो प्रिंट करायचा तर वर लॅमिनेशन पाहिजेच, नाहीतर पंपावर पोट्ट्यानं नोझल काढताना चार थेंब सांडले की वाघाची मिशी पुसली म्हणून समजा. अन् सॉल्व्हंट शाईची प्रिंट एक दिवस तरी वाळू द्यावी लागते, मग लॅमिनेशन. तासाभरात देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पण खरी अडचण वेगळीच आहे. स्प्लेंडरची टाकी वरून गोल, बाजूनं गोल, अन् गुडघ्यापाशी आत दबलेली. तिच्यावर चेहरा लावला की एक डोळा वर जाते, एक खाली, अन् नाक फुगते. पट्टा वाकडा झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही. चेहरा जरासा वाकडा झाला की लहान पोरालाही कळते. मी आजवर बरेच वाघ लावले, त्यातले निम्मे मांजर झाले.

खात्री करायची तर पेपर घ्या, कैची घ्या, आकार कापून मास्किंग टेपनं टाकीवर लावून ठेवा. १०-१५ पावलं मागे जाऊन पहा, रोज जाता-येता पहा. रंग वाळायचे आठवडे तसेही काढायचे आहेत. पोरीला अन् बाबांना एकेक कैची द्या.

चितारओळीचा
ब्रशने लाइन ओढण्याबद्दल लिहितो. आमच्या चितारओळीत गणपती-दुर्गेचे डोळे काढणारे हात आहेत, लाइनीचं त्यांना काय! आणि हाताने ओढलेल्या रेघेला जी जान असते ती प्लॉटरला, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनला नाही, हे प्लॉटरवाले भाऊही मानतील. पण पेंटरला एक विचारा: रंग कोणता वापरणार? साधा ऑइल पेंट असेल तर पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो. हार्डनर मिसळून घट्ट होणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवा आणि वरून पुन्हा क्लिअर. म्हणजे टाकी पुन्हा बारीक पॉलिश पेपरने घासणं आलं. क्लिअर मारायच्या आधीच विचारलं असतं तर एका खर्चात झालं असतं. आता नव्या क्लिअरवर कागद चालवायला माझं तरी मन होणार नाही.

प्लॉटरवाला
मानतो भाऊ, रेघेचं मानतो. पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवताना पाहिलं की आपलं मशीन विकून टाकावं वाटते.

नियमावली
पट्टे, छोटे स्टिकर यांना काही अडचण नाही. अट एवढीच की गाडीचा मूळ रंग आरसीवर लिहिलाय तोच दिसला पाहिजे. तुमची काळी आहे, काळीच राहील. पूर्ण गाडीचा रंग बदलला, मग तो पेंटने असो वा रॅपने, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा विषय येतो आणि आरसीवर नोंद करावी लागते. मुलीला सांगा, मिलिटरी हिरव्याचा नाद सोड. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम आहे, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. नंबर प्लेटवर मात्र रेघही नको, वाघाचा पंजाही नको.

जमलं तर मागच्या बाजूला चमकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टी अवश्य घाला. लाल रंगाची पुढे लावू नका, लाल मागेच. रात्री समोरच्याला तुमचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे कळलं पाहिजे. (याला आपण सगळे रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियमचा कणही नसतो. काचेचे बारीक मणी आलेला उजेड परत फेकतात, एवढंच.)

संत्राबर्फी
सगळे विनायलबद्दल बोलत आहेत, पण मला मूळ धाग्यातलं दुसरंच खटकलं. दादा, ते रेक्झिनचं कव्हर कुठे आहे? काका ते पुन्हा चढवणार असतील तर हा सगळा खटाटोप कोणासाठी? एक तर खाली काही दिसणार नाही. दुसरं म्हणजे कव्हर आणि टाकीमध्ये धूळ अडकली की तो पॉलिश पेपरच झाला. नवं स्टिकर सहा महिन्यांत कडेकडेने उचकटेल.

आणि गाडी चालवणार कोण? मुलगी. मग तिच्या हिश्शाचं काहीतरी असू द्या की. टाकी आजोबांची, सीटच्या मागचं पॅनल नातीचं. तसंही चालवणाऱ्याला टाकीची बाजू कुठे दिसते, ती रस्त्यावरच्या लोकांना दिसते. मागचं पॅनल मात्र मागे राहिलेल्यांना दिसतं, पोरगी जोरात चालवत असेल तर.

धागाकर्ता
संत्राबर्फीताई, नेमकं बोट ठेवलंत. कव्हर धुऊन, घडी करून बाबांच्या खोलीत आहे. विचारायची हिंमत झालेली नाही.

प्लॉटरवाला
लावायच्या वेळेचं राहिलं. मार्च लागून जाईल तोवर, म्हणून सकाळी सातच्या आत, सावलीत. टाकी तापलेली असली की गोंद हात लावताक्षणी पकडते, सरकवायला मोका देत नाही. लांब पट्टा असेल तर पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून फवारा, पट्टा सरकवून जागेवर आणा, मग मधून बाहेरच्या बाजूला पाणी काढत जा. मागे हवा निघायच्या बारीक खाचा असलेली फिल्म असेल तर पाणी नको, ती कोरडीच लावायची. कोपरे टोकदार ठेवू नका, गोल कापा. सगळ्यात आधी टोक उचलते. झाकणापासून तीन बोटं दूर. अन् तीन दिवस गाडी धुवायची नाही, सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचा पाइप कडेवर मारू देऊ नका.

पेट्रोलनं गोंद काढायचं मात्र कोणी शिकवलं तुम्हाला? पुढच्या वेळी हेअर ड्रायरनं कोमट करायचं, सपाट कोनात हळूहळू ओढायचं. राहिलेला गोंद स्पिरिटनं ओल्या केलेल्या फडक्यानं.

धागाकर्ता (पाच आठवड्यांनी)
उशीर झाला, माफी. काय झालं ते सांगतो.

कैच्या दिल्या. पोरीने रविवारच्या पुरवणीतून वाघाचं तोंड कापलं. दोन दिवस टाकीवर राहिलं. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारलं, “माऊ कोणाची?” तिने स्वतःच काढून टाकलं. त्यानंतर मागच्या पॅनलवर तीन तिरपे पट्टे कापून लावले, वाघाच्या अंगावर असतात तसे एका टोकाला निमुळते. ते मात्र जमले.

बाबांचं प्रकरण वेगळंच. ते रोज सकाळी खाली जाऊन कागदी पट्टा अर्धा बोट वर, अर्धा बोट खाली करत होते. नावाचा प्रश्न असा सुटला की माळ्यावर जुनं फुटकं साइड कव्हर निघालं, त्यावरचं मूळ स्टिकर शाबूत होतं. त्यावर बटर पेपर ठेवून अक्षरांचं वळण उतरवून घेतलं आणि टाकीच्या जुन्या फोटोवरून पट्टे. प्लॉटरवाले भाऊंशी निरोपानिरोपी झाली, त्यांनी कास्टमध्ये कापून दिलं. लाल, चंदेरी आणि पोरीचा नारंगी. नारंगीला बाबा आधी नको म्हणत होते. नागपूरची गाडी आहे, संत्र्याचा रंग चालतो, असं नातीने सांगितल्यावर गप्प बसले.

शुक्रवारी पहाटे लावलं. एका ठिकाणी बुडबुडा राहिला होता, भाऊंनी सुईने टोचून दाबला. उजवीकडचा पट्टा डावीकडच्यापेक्षा केसभर वर आहे. हे फक्त मला आणि आता तुम्हाला माहीत आहे.

कव्हरचं विचारलंच नाही. त्याच संध्याकाळी आईच्या शिलाई मशीनवर घातलेलं दिसलं. आकार बसत नाही, पण आहे.