वर्गातील चिडवाचिडवी थांबवण्यासाठी कादंबरीचे वाचन उपयोगी पडते का?

प्रश्न (बीड जिल्ह्यातील शिक्षिका)
आमच्या जिल्हा परिषद शाळेत, ऊसतोडीच्या हंगामानंतर आई-वडिलांसोबत गावी परतलेल्या आठवीतील एका मुलाला वर्गातले ‘कोयता’ म्हणून हाक मारतात. मी रागावले की दोन दिवस थांबते आणि मधल्या सुट्टीत पुन्हा सुरू होते. एखादी किशोर कादंबरी वाचून त्यावर बोलावे असे मनात आहे. परंतु ऊसतोड कामगाराच्या मुलाचीच गोष्ट निवडली तर साऱ्या माना त्याच्याकडे वळतील. कोणी असा प्रयोग केला आहे का?

उत्तर (लातूरचे शिक्षक)
मॅडम, आपली भीती रास्त आहे. गोष्ट जितकी दूरची, तितकी मुले मोकळी बोलतात. आर. जे. पलासिओ यांची २०१२ सालची ‘वंडर’ ही इंग्रजी कादंबरी मी रोज दहा मिनिटे मराठीतून सांगत असे. चेहऱ्यात जन्मजात व्यंग असलेल्या ऑगस्टला सर्वांत जास्त लागते ते उघड टवाळी करणाऱ्या ज्युलियनचे बोलणे नव्हे, तर मुखवटे घालण्याच्या सणाला, मुखवट्याआड तोच उभा आहे हे न कळल्याने त्याच्याविषयी वाईट बोलून जाणाऱ्या जॅक या मित्राचे. (आमच्याकडे बहुरूपी येतात, त्यामुळे हा प्रसंग समजावून सांगावा लागला नाही.) ‘जॅक असे का बोलला असेल?’ एवढेच मी विचारले. ‘नाहीतर त्यालाही गटातून काढले असते,’ हे उत्तर मागच्या बाकावरून आले.

उत्तर (नांदेडच्या ग्रंथपाल)
ही कादंबरी अनेक पात्रांच्या तोंडून येते, पण ज्युलियनला तीत निवेदन नाही. त्याची बाजू लेखिकेने नंतर स्वतंत्रपणे लिहिली. ज्युलियनच्या बाजूचे एक पान मुलांकडून निनावी लिहून घ्यावे. मात्र वर्गात कोणाच्या हाती देऊ नये, कारण हस्ताक्षर लगेच ओळखले जाते. मारहाण होत असेल, तर गोष्टीवर विसंबू नये. मुख्याध्यापकांना सांगावे, गरज पडल्यास १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
आभारी आहे. ‘कोयता’ म्हणणारे दोघेच आहेत, हसणारे मात्र पंचवीस, हे सरांचे उत्तर वाचताना लक्षात आले. गोष्ट सुरू करण्यापूर्वी त्या मुलाला विश्वासात घ्यावे का?

लातूरचे शिक्षक
मी घेतले होते. ‘तुझ्यासाठीच ही गोष्ट सांगणार आहे,’ असे म्हणालो आणि तो पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही.