आरएस-४८५ वर ९ एनर्जी मीटर: ड्राइव्ह सुरू झाला की ३ गायब, २ चुकीचे आकडे दाखवतात

प्रश्न – एलटी_पॅनल
नमस्कार मंडळी. चाकणच्या एका शेडमध्ये ९ एनर्जी मीटर मॉडबस आरटीयूवर (आरएस-४८५ च्या तारांवरून चालणारी संवादपद्धत) पीएलसीला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरला, जोडले आहेत. ९६०० बॉड, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मेन लाइन ११० मी., तिच्यावर १ ते ६ नंबरचे मीटर. चौथ्यापासून कॉम्प्रेसर रूमपर्यंत २५ मी.ची फांदी काढली आहे, तिथे ७, ८, ९. फांदीची केबल पॉवर ट्रेमधूनच गेली आहे.
तीन अडचणी आहेत. कॉम्प्रेसरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारा) सुरू झाला की ७-८-९ टाइमआउट, वेळेत उत्तरच देत नाहीत. ५ आणि ६ दुसऱ्या कंपनीचे आहेत. त्यांचं व्होल्टेज कधी ०.००, कधी दहा-बारा आकडी येतं. आणि सगळे मीटर वाचायला ७ सेकंद लागतात, ड्राइव्ह चालू असताना त्याच्या दुप्पट. कुठून सुरुवात करू?

उत्तर – वायरिंग_आधी
ड्राइव्ह बंद असताना उत्तरं येतात, म्हणजे ए-बी (आरएस-४८५ च्या दोन सिग्नल तारा) उलटे नाहीत आणि मीटरांचे पत्तेही बरोबर आहेत. तिकडे वेळ घालवू नका. मल्टिमीटर घ्या आणि दोन मापं कळवा.
पहिलं: पीएलसी आणि सगळ्या मीटरांची सप्लाय बंद करून ए-बी मधला रेझिस्टन्स. सिग्नल टोकावरून परतू नये म्हणून लावतात ते रेझिस्टर, लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे असतील तर सुमारे ६० दिसतील. १२० दिसले तर एकच रेझिस्टर लागलेला आहे, ४० दिसले तर तीन.
दुसरं: सप्लाय चालू, पण पीएलसीचं पोलिंग (मीटरांना पाळीपाळीने विचारणं) थांबवून ए-बी मधलं डीसी व्होल्टेज. ते ०.२ व्होल्टच्या वर हवं. त्याखाली रिसीव्हरने १ वाचायचं की ० हे ठरलेलं नसतं, आणि ड्राइव्हचा थोडासा विद्युत गोंगाटही (नॉइज) खोटा स्टार्ट बिट बनतो, म्हणजे नसलेल्या संदेशाची सुरुवात वाटतो.

एलटी_पॅनल
मोजलं. ४० ओहम आणि ०.१७ व्होल्ट. पीएलसीकडे, ६ नंबरला आणि फांदीच्या टोकाला, तिन्हीकडे १२० लावले आहेत. पीएलसीच्या बाजूला ५६० ओहमचे पुल-अप, पुल-डाउन (लाइन शांत असताना ए-बी ठरलेल्या व्होल्टेजवर धरणारे रेझिस्टर) आहेत, ५ व्होल्टवर.

उत्तर – वायरिंग_आधी
हिशोब जुळतो. ५६० च्या जोडीवर ६० ओहमचा भार असेल तर सुमारे ०.२५ व्होल्ट मिळतात. तिसऱ्या रेझिस्टरने ते ०.१७ वर आणले. फांदीच्या टोकाचा रेझिस्टर काढा. ९६०० बॉडला २५ मी.ची फांदी एकटी एवढा घात करत नाही, पण पॉवर ट्रेमधून गेलेली फांदी आणि हे कमी व्होल्टेज एकत्र आलं की ७-८-९ जाणारच.
त्यामुळे केबल नव्याने ओढाच, पण फांदी ठेवू नका. तीन जोड्यांची शिल्डेड ट्विस्टेड केबल घ्या: एका जोडीने चौथ्यापासून कॉम्प्रेसर रूमला जायचं, दुसरीने परत येऊन पाचव्याला जायचं, तिसरी कॉमनसाठी (सगळ्या उपकरणांच्या सिग्नलचा सामाईक शून्य). एकूण लांबी १६० मी. होते, १२०० च्या मर्यादेपुढे काहीच नाही. पॉवर केबलपासून निदान ३०० मि.मी. अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. शिल्डला अर्थ फक्त पीएलसीच्या टोकाला; मधल्या प्रत्येक मीटरपाशी शिल्ड पुढच्या शिल्डला जोडायचं, पत्र्याला नाही. कॉमन वायर लोक हमखास गाळतात. दोन खोल्यांच्या अर्थमधला फरक −७ ते +१२ व्होल्टच्या बाहेर गेला की रिसीव्हर चालत नाही. तरीही त्रास राहिला तर कॉम्प्रेसर रूमच्या आधी आयसोलेटेड रिपीटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारा) लावा.

उत्तर – रजिस्टर_नकाशा
५ आणि ६ च्या वायरिंगला हात लावू नका. तिथे ३२ बिट फ्लोटचे (दशांश संख्येचे) १६-१६ बिटांचे दोन शब्द उलटे वाचले जात आहेत, नाहीतर रजिस्टरचा (मीटरमधल्या १६ बिटांच्या कप्प्याचा) पत्ता एकाने चुकला आहे. २३० व्होल्ट म्हणजे हेक्स ४३६६ ०००० . शब्द उलटले की ती संख्या इतकी सूक्ष्म होते की पडद्यावर ०.०० दिसतं, खालच्या शब्दात काहीतरी असलं की तोच प्रचंड आकडा होऊ शकतो.
दोन्हीतला फरक असा ओळखा. मॅन्युअलमध्ये व्होल्टेज ३०००१ ला असेल तर फंक्शन ०४ ने (इनपुट रजिस्टर वाचायचा मॉडबस आदेश) पत्ता ० पासून ४ रजिस्टर कच्चे वाचा. १२८ ते २५६ मधली कुठलीही संख्या ४३ ने सुरू होते. पहिल्याच रजिस्टरमध्ये ४३ असेल तर मीटर बरोबर आहे, पीएलसीत अदलाबदल करा. दुसऱ्यात असेल तर मीटरच खालचा शब्द आधी पाठवतो. मग तुमच्या ब्लॉकला ३०००१ द्यायचं की ०, ते पीएलसीच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण दोन्ही पद्धती चालतात. मीटरकडून अपवाद (एरर) कोड ०२ आला तर पत्ता किंवा फंक्शन कोड चुकला. मीटर जिवंत आहे.
सीटी (मोठा करंट कमी करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) २००/५ असेल तर आकडे प्रायमरीचे येतात की सेकंडरीचे तेही तपासा, नाहीतर ४० पटींचा घोळ होतो. आणि युनिटचा हिशोब फ्लोटवर ठेवू नका: १,६७,७७,२१६ च्या पुढे त्यात एक-एकची वाढ दिसेनाशी होते. मीटर पूर्णांकात ऊर्जा देत असेल तर तीच घ्या.

उत्तर – पोलिंग
७ सेकंदांवरून वाटतं की प्रत्येक राशी (व्होल्टेज, करंट वगैरे) वेगळी मागवताय. ९ मीटर, १० राशी, दर फेरीला साधारण ७५ मिलिसेकंद: ६.७५ सेकंद. त्याऐवजी ४० रजिस्टर एकदम वाचा (मर्यादा १२५ ची आहे, पण मीटरची स्वतःची कमी असू शकते). मग उत्तर ८५ बाइटचं, म्हणजे ८९ मिलिसेकंद. मागणी आणि मीटरचा विचारवेळ धरून १५५. नऊ मीटर मिळून दीड सेकंदाच्या आत.
टाइमआउट १००० मिलिसेकंदांचा असेल तर ३०० करा, पुनर्प्रयत्न एकच. बंद मीटरला दर ३० सेकंदांनी विचारा, बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवू नका. उत्तर आलं नाही तर युनिटच्या जागी ० लिहू नका; शेवटचा आकडा ठेवा आणि शेजारी खराबीचा बिट लावा, नाहीतर त्या शिफ्टचा वापर वजाबाकीत उणे निघेल.