मदत हवी आहे : युद्धकाळातला प्रचार मुलांना कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. अकरावीच्या वर्गाला पहिल्या महायुद्धातल्या सरकारी प्रचारावर दोन तासिका घ्यायच्या आहेत. ब्रिटनचं उदाहरण निवडलंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

१९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने लंडनच्या वेलिंग्टन हाउसमध्ये गुपचूप प्रचारखातं उघडलं. पुस्तिका नेहमीच्या प्रकाशकांच्या नावाने निघत. मागे सरकार आहे याचा वाचकाला पत्ताच नसे. इथपर्यंत मुलांना पटकन कळतं.

पेच पुढे आहे. मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांवर ब्राइस समितीचा, म्हणजे ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीचा, अहवाल आला. साक्षीदारांची नावं नाहीत, जबान्या शपथेवर नाहीत, तान्ह्या बाळांना संगिनीने भोसकल्याच्या कहाण्या मात्र आहेत. पण दिनां गावात जर्मन सैन्याने ६७४ नागरिक मारले आणि लूवेनचं ग्रंथालय जाळलं, हेही तितकंच खरं! युद्धानंतर लोकांना फसवल्यासारखं वाटलं, आणि पुढे नाझींच्या छळछावण्यांच्या बातम्यांवरही अनेकांनी आधी विश्वास ठेवला नाही. मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘सगळंच खोटं असतं’ असा निष्कर्ष काढून मुलं वर्गाबाहेर पडू नयेत, यासाठी काय करावं? कुणी असा विषय शिकवला असेल तर नेमका कोणता उपक्रम घेतलात ते सांगा. शिवाय त्या काळातली मराठी सैन्यभरतीची पत्रकं किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिराती कुठे पाहायला मिळतील? तासिका पुढच्या आठवड्यात आहेत.