आपली माणसं (फॅमिली ग्रुप) : सीए, सीएमए आणि कौलं

आत्या: हे काय आलंय? सीए आणि सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, यांच्या संस्था एक करणार म्हणे. खाली लिहिलंय, 'सर्वांपर्यंत पोचवा'. आमच्या छोटीची सीएमएची इंटर डिसेंबरात आहे. दोन वर्षं पाण्यात?

दादा: आत्या, फॉरवर्ड आहे. सोडून दे.

अण्णाकाका: फॉरवर्ड असू दे, विषय चांगला आहे. कॅनडात २०१३ ला सीए-सीएमए एक झाले, पुढच्या वर्षी सीजीए ही हिशोबनीसांची तिसरी संस्था पण आली. आता सगळ्यांची पदवी एकच, सीपीए. काही आभाळ कोसळलं नाही.

दादा: काका, इथे कायदेच दोन आहेत. आमचा सीएंचा १९४९ चा, तुमचा सीएमएंचा १९५९ चा. संसदेने ते बदलल्याशिवाय दारावरची पाटीसुद्धा हलायची नाही.

जावईबापू: आमचा, तुमचा. वाटण्या झाल्या वाटतं 😄

अण्णाकाका: पाटीचं तर बोलूच नकोस. २०१२ पासून आमच्या संस्थेच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं काढली तर तुमच्यासारखी आयसीएआयच होतात. तुमच्या लोकांना तेही खुपलं.

मधली वहिनी: वाटण्यांवरून आठवलं. कौलांच्या खर्चाचा हिशोब कोणी टाकणार आहे का? घरात दोन दोन हिशोबनीस.

दादा: टाकतो वहिनी. सप्टेंबर जाऊ दे.

मधली वहिनी: कुठल्या सालचा?

अण्णाकाका: मुद्दा भरकटवू नका. टॅक्स ऑडिटची सही फक्त सीएची. जीएसटी ऑडिट दोघांना होतं, ते २०२१ च्या फायनान्स अ‍ॅक्टने काढलं. नव्या आयकर कायद्यातही 'अकाउंटंट' म्हणजे सीएच. एक संस्था केली की कटकट मिटली.

दादा: थोडक्यात, आमची परीक्षा न देता आमची सही.

अण्णाकाका: _हा मेसेज डिलीट केला आहे_

ताई: वाचला मी. दादा, तूही शब्द जपून वापर. मोठे आहेत ते.

दादा: सॉरी काका 🙏 पण मी ३० सप्टेंबरच्या रात्री, मुदत संपताना, ३सीडी हा टॅक्स ऑडिटचा फॉर्म घेऊन बसतो, पोर्टल फिरत राहतं आणि क्लायंट विचारतो, 'झालं का हो?' ती सही फुकटात नाही आली.

अण्णाकाका: आणि आम्ही काय पंख्याखाली बसायचो? मी भट्टीशेजारी उभा राहून टनामागे किती कोळसा जळला ते लिहून घ्यायचो. घामाने वहीचं पान हाताला चिकटायचं. पुस्तकात नफा दिसत होता आणि एक माल दर टनाला तोट्यात जात होता, ते आम्ही दाखवलं. कंपनी कायद्याचं कलम १४८ वाच. कंपनीच्या ऑडिटरला कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादन खर्चाची तपासणी, करता येत नाही. उगाच नाही लिहिलेलं.

दादा: मग तेच म्हणतोय ना! एक झालात की ते कलम राहील का? आमचे सदस्य चार लाखांच्या वर. कौन्सिलच्या निवडणुकीत तुमचा एक तरी येईल का? कॉस्ट ऑडिट हे जे एक काम तुमच्या हक्काचं आहे, तेही सगळ्यांना खुलं होईल.

ताई: हे मात्र खरं, काका.

अण्णाकाका: कलम १४८ वाचा.

जावईबापू: वाचलं. झोप आली.

दादा: विलीनीकरण आमच्या लोकांनाही नकोच असतं. २०२२ च्या कायदा दुरुस्तीत सीए, सीएमए आणि कंपनी सेक्रेटरी अशा तिन्ही संस्थांची समन्वय समिती आली, अध्यक्ष कंपनी व्यवहार सचिव, तेव्हाही आमच्यात कुरकुर होती. इंग्लंडमध्ये २००५ ला तिथल्या सीए संस्थेचं सिप्फाशी जुळत होतं. ते सरकारी हिशोबवाले. दोन तृतीयांश मतं हवी होती, थोडक्यात हुकली.

जावईबापू: 'थोडक्यात हुकलं' हे आमच्या बी.कॉम.चंही वर्णन आहे.

ताई: तुमचं थोडक्यात नव्हतं.

अण्णाकाका: हुकलं ते इंग्लंडात. कॅनडात २०१३ ला सीए-सीएमए एक झाले. आभाळ कोसळलं नाही.

मधली वहिनी: कॅनडात कौलं नसतील.

आत्या: अरे, कोणीतरी मला सरळ सांगा. पोरीने डिसेंबरचा फॉर्म भरायचा की थांबायचं?

दादा: भरायचा. परीक्षा आहे तशीच आहे.

अण्णाकाका: भरायचा. या एका बाबतीत तो बरोबर आहे.

छोटी: आई, मी परवाच भरला. शेजारच्या खोलीत आहे मी, विचारायचंस तरी.

अण्णाकाका: शाब्बास! कलम १४८ नीट करून जा.

मधली वहिनी: दादाभाऊजी, 'टायपिंग' दिसतंय दहा मिनिटं. हिशोब ना?

दादा: नाही वहिनी, काकांना उत्तर लिहितोय.