कॉटन एअर फिल्टरला तेल नेमकं किती लावायचं? मदत हवी आहे

गाडी स्विफ्ट डिझेल, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीजवळच्या गावात असते. रस्त्यावर दिवसभर कोळशाचे ट्रक, त्यामुळे धूळ काळी आणि पिठासारखी बारीक. इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या मूळ फिल्टरच्या बॉक्समध्येच बसणारा, धुऊन पुन्हा वापरायचा कॉटन फिल्टर टाकला आहे.

क्लीनर मारून आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर असं कमी दाबाच्या पाण्याने धुतला, सावलीत पूर्ण वाळवला. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही, कापूस फाटतो. मग किटमधलं लाल तेल प्रत्येक घडीवर एक हात मारलं. रात्रभर ठेवूनही काही घड्या फिक्या गुलाबीच आहेत.

फिक्या जागी धूळ आत जाईल ही भीती, कारण टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची) पाती त्याने झिजतात. जास्त तेल झालं तर ते उडून एअर फ्लो सेन्सरच्या (इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या) तारेवर बसतं. इंजिन ऑइल किंवा डिझेल लावा असं सांगू नका, ते मला करायचं नाही. सध्या गाडी जुन्या कागदी फिल्टरवर चालू आहे.

ज्यांनी अशा कोळशाच्या धुळीत हा फिल्टर वापरलाय त्यांनी सांगा: फिक्या जागी पुन्हा तेल द्यायचं की रंग पसरायची आणखी वाट पाहायची? आणि धूळच काळी असल्यावर फिल्टर धुवायची वेळ झाली हे ओळखायचं कशावरून?