मदत हवी आहे: खोली एक, गरजा परस्परविरोधी. सेन्सरी रूम कशी आखावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या डे-केअर केंद्रात सेन्सरी रूमसाठी (उजेड, आवाज, स्पर्श अशा संवेदनांचा हवा तेवढाच अनुभव देणारी खोली) एक खोली मिळाली आहे. १४ बाय ११ फूट, एक दार, एक खिडकी, वर स्लॅब. सकाळी मुलं, दुपारनंतर डिमेन्शिया असलेले आजी-आजोबा. मुलांमध्ये बरेचसे स्वमग्न (ऑटिझम असलेले). त्यातले काही दार जरा आपटलं तरी कान झाकून खाली बसतात, तर काहींना कितीही गरगर फिरवा, घट्ट दाबून धरा, पुरतच नाही. दोघांची नजर खूपच अधू आहे. एक मुलगी व्हीलचेअरवर असते आणि तिला फिट्स येतात.

पुरवठादाराने 'पूर्ण पॅकेज' सुचवलंय: बबल ट्यूब (पाण्याची उभी, रंगीत उजेडाची नळी, आत बुडबुडे उठतात), फायबर ऑप्टिकच्या झिरमिळ्या (उजेडाच्या बारीक तारा), आरशांचा कोपरा, डिस्को बॉल, झोका, बॉल पूल (चेंडूंनी भरलेला हौद), प्रोजेक्टर. सगळं एका रिमोटवर. चित्रात देखणं दिसतं, पण मी जमिनीवर खडूने आखून पाहिलं तर व्हीलचेअर वळायलाच जागा उरत नाही. आणि ज्याला उजेडच सहन होत नाही त्याच्यासाठी यात काय, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

खोलीचे कोपरे वाटून द्यायचे का? आधी काय घ्यायचं, काय सोडायचं? ज्यांनी अशी खोली उभी केली आहे किंवा वापरली आहे त्यांनी कृपया लिहा.

भिंगरी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पॅकेजवाले दोन वेगळ्या गोष्टी एकत्र विकतात, घोळ तिथे आहे. मंद दिवे, बुडबुडे, मऊ गाद्या हा प्रकार १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झाला. यान हुल्सेखे आणि आद फरहूल या दोघांनी तो तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आकाराला आणला. तिथे कुणी काही 'करून दाखवायचं' नसतं, नुसतं रमायचं. झोके, चढणं, उड्या ही परंपरा अमेरिकेतल्या जीन एअर्स यांच्या सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे हालचालीतून संवेदनांची सांगड घालायला शिकवणाऱ्या उपचाराची. तिथे थेरपिस्ट सोबत असतो आणि मुलाकडून हालचाल अपेक्षित असते. एक जण झोके घेत असताना दुसरा शेजारी शांत पडून राहील, हे १४ बाय ११मध्ये होणे नाही.

म्हणून माझं मत: ही खोली शांततेची ठेवा. झोका आणि बॉल पूल दुसरीकडे, हॉलमध्ये वगैरे. (झोका कुठेही टांगा, पण हुकाला मुलाच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय स्लॅबला भोक पाडू देऊ नका.) ज्यांना दाब हवा असतो त्यांच्यासाठी जाड क्रॅश मॅट (अंग झोकून द्यायची गादी) आणि अंगाला घट्ट बसणारा ताणाच्या कापडाचा बोगदा पुरतो, तोही काम झालं की घडी घालून कपाटात.

कोपरे वाटू नका, वेळ वाटा. आवाज आणि उजेड कोपऱ्यात थांबत नाहीत. खोलीची मूळ अवस्था 'काहीच नाही' अशी हवी: फिकट रंगाच्या, चकाकी नसलेल्या भिंती, जाड पडदे, सगळं बंद. मग ज्याला जे हवं तेवढंच सुरू करायचं. उजेड न सोसणाऱ्या मुलासाठी ती रिकामी अवस्था हीच सेन्सरी रूम.

वायरमन
वरच्या प्रतिसादाला +१. एका रिमोटवर सगळं अजिबात नको. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र बटण, आणि एक मुख्य बटण दाराजवळ.

त्या मुलीबद्दल: फिट्स येणाऱ्या सगळ्यांनाच लखलखाटाचा त्रास होतो असं नाही, शंभरात साधारण तिघांना होतो. तिचं काय ते तिच्या डॉक्टरांना विचारा. पण खोली करताना धोका आहे असंच धरून चाला. सेकंदाला ३ ते ३० वेळा उघडझाप करणारं काहीही नको, म्हणजे डिस्को बॉल बाद. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही: दिव्याखालचा सीलिंग फॅन. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर खाली उजेड सेकंदाला १५ वेळा कापला जातो, म्हणजे ऐन धोक्याच्या पट्ट्यात. दिवे पंख्याच्या वर ठेवू नका, भिंतीवर घ्या. स्वस्त डिमरवर एलईडी मंद केला की लुकलुकतो, तेही लावून बघूनच घ्या.

सांजवेळ
आजी-आजोबांकडे सगळ्यांनी काणाडोळा केलाय, म्हणून लिहिते. डिमेन्शियात गडद रंगाची मॅट खड्ड्यासारखी दिसू शकते. माणूस तिच्या कडेला थबकतो किंवा ती ओलांडायला लांब ढांग टाकतो आणि पडतो. चकचकीत फरशी ओली वाटते. आरशात स्वतःची ओळख न पटल्यामुळे 'खोलीत कोणीतरी शिरलंय' म्हणून घाबरतात. त्यामुळे जमीन एकरंगी आणि चकाकी नसलेली, आरशावर पडदा. जमिनीवर सरकती चित्रं पाडणारा प्रोजेक्टर दुपारी बंदच. बीन बॅगमधून त्यांना उठता येत नाही, हातांची भक्कम खुर्ची ठेवा. आणि मुलांना मंद उजेड बरा वाटतो म्हणून यांनाही तसाच नको. वयाने डोळ्यांत उजेड कमी शिरतो, यांना उलट जास्त पण न चमकणारा लागतो.

धागाकर्ती
पंख्याचं खरंच डोक्यात नव्हतं. धन्यवाद! मग बबल ट्यूबही बाद समजू का? मुलांच्या पालकांना तीच सगळ्यात जास्त हवी आहे.

भिंगरी
नाही, ती घ्याच. अधू नजरेच्या मुलांना अंधारात एकच रंगीत उभा खांब नीट दिसतो. दिसला नाही तरी मिठी मारली की थरथर अंगाला जाणवते. फक्त रंग बदलायचं बटण मुलाच्या हातात हवं, तळहाताने दाबता येईल एवढं मोठं. कार्डिफ विद्यापीठात ४ ते १२ वयाच्या ४१ स्वमग्न मुलांवर अभ्यास झाला होता. उपकरणांचा ताबा मुलांकडे असताना त्यांचं लक्ष जास्त टिकलं आणि तेच ते करत राहणं कमी झालं. आपण बटणं दाबत बसलो तर ती नुसती करमणूक होते.

नळी वरच्या टोकाला भिंतीशी पक्की करा, मुलं लोंबकळतात. आणि पाणी बदलायचं काम आधीच कुणाच्या तरी नावावर टाका, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो.

मुक्काम_पोस्ट
खर्चाची गोष्ट नाही, वापराची. दाराला आतून-बाहेरून कडी नको, आणि बाहेरून दिसेल अशी काच हवी. 'दंगा केलास, जा त्या खोलीत' असं एकदा जरी झालं तरी मूल पुन्हा आपण होऊन तिथे पाऊल टाकणार नाही. हा नियम दारावरच लिहून लावा. व्हीलचेअरला वळायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं सोडा, तिथे नंतर कुणी कपाट आणून ठेवतं.

धागाकर्ती
कडी उद्याच काढते. आता शेवटचं: सुगंधी तेलाचा डिफ्यूझर पॅकेजमध्ये फुकट देतायत. ठेवावा का?

सांजवेळ
नको. दिव्याला बटण असतं, वासाला नसतं. सकाळचा वास दुपारपर्यंत पडद्यात राहतो. वास द्यायचाच असेल तर झाकणाच्या बरणीत कापूस ठेवा आणि ज्याला हवा त्याच्याच नाकाशी उघडा.